इनुविक ते इकालुइत : अंतर किती आणि विमानाला वेळ किती?

नाशिकहून एका गृहस्थांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांची मुलगी कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यातील इनुविक या गावी परिचारिका आहे आणि येत्या जानेवारीत ती नव्या नोकरीसाठी त्याच देशाच्या ईशान्येकडील इकालुइत या शहरी जाणार आहे. दोन गावांमधले अंतर संगणकावर पाहिले तर २,८४० किलोमीटर आणि विमानाचा वेळ साधारण चार तास असे उत्तर मिळते. पण तिकीट काढायला जावे तर सव्वीस तासांच्या आतला एकही प्रवास दिसत नाही, आणि तोही तीन-चार विमाने बदलून. यातले खरे कोणते धरायचे, संगणक कोणत्या हिशेबाने चार तास म्हणतो आणि खास भाड्याने विमान घेऊन थेट जाता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

उड्डाण-नियोजन, म्हणजे विमान निघण्यापूर्वी त्याचा मार्ग, इंधन, वजन आणि वेळ कागदावर मांडण्याचे काम, मी एकोणीस वर्षे केले आणि त्यांपैकी आठ वर्षे येलोनाइफमध्ये, म्हणजे इनुविक ज्या प्रदेशात आहे त्याच्या राजधानीत, बसून याच मुलखासाठी केले. त्या अनुभवावरून सांगतो की अंतराचा आकडा बरोबर आहे आणि तिकिटावरचे सव्वीस तासही बरोबर आहेत. फसवा आहे तो चार तासांचा आकडा, कारण तो ज्या विमानाचा वेळ सांगतो ते विमान उडतच नाही.

आधी अंतर पाहू. इनुविकचा विमानतळ ६८ अंश १८ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि १३३ अंश २९ मिनिटे पश्चिम रेखांशावर आहे. इकालुइतचा विमानतळ साधारण ६३ अंश ४५ मिनिटे उत्तर आणि ६८ अंश ३३ मिनिटे पश्चिम येथे आहे. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत ६५ अंशांचा फरक आहे. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर होतात, त्यामुळे मुंबईहून सरळ पूर्वेकडे ६५ अंश गेल्यास माणूस ६,८०० किलोमीटर ओलांडून जपानच्या दक्षिणेकडच्या समुद्रात पोहोचेल. इनुविकच्या अक्षांशावर मात्र तोच एक अंश जेमतेम ४१ किलोमीटरचा असतो, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात. नकाशावर अर्धा खंड व्यापणारे हे अंतर प्रत्यक्षात २,८४० किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत सुमारे १,५३० सागरी मैल, एवढेच का भरते, त्याचे कारण हे आहे.

हा आकडा बृहद्वृत्ताचा आहे. पृथ्वीगोलावर दोन टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणला तर तो ज्या रेषेवर बसेल ती बृहद्वृत्ताची रेषा, आणि गोलाच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग तोच. भिंतीवरच्या सपाट नकाशात इनुविक आणि इकालुइत पट्टीने जोडले तर रेषा ग्रेट बेअर सरोवराच्या वरच्या अंगाने आग्नेयेकडे उतरत मुख्य भूमीवरून जाते. ताणलेला दोरा तसे करत नाही. तो इनुविकहून आधी उत्तरेकडे चढतो, अमुंडसेन आखातावरून व्हिक्टोरिया बेटावर जातो, तिथे जवळजवळ ७० अंश अक्षांश गाठतो आणि मग खाली वळतो. मार्गाच्या मध्यावर या दोन रेषांमध्ये उत्तर-दक्षिण सुमारे ३९० किलोमीटरचे अंतर पडते. पट्टीच्या रेषेने, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून गेल्यास, प्रवास सुमारे २,९७० किलोमीटरचा होतो. दोऱ्याच्या रेषेने १३० किलोमीटर वाचतात. विषुववृत्ताजवळ ज्यांनी काम केले आहे त्यांना ही बचत पटकन खरी वाटत नाही, कारण तिथे दोन्ही रेषा जवळजवळ एकच असतात.

या वाचवलेल्या १३० किलोमीटरांची किंमत दिशेच्या हिशेबात मोजावी लागते. इनुविकहून निघताना विमानाचे तोंड खऱ्या उत्तरेपासून, म्हणजे भौगोलिक उत्तर ध्रुवाच्या दिशेपासून, ६८ अंशांवर, म्हणजे ईशान्येहून थोडे पूर्वेकडे असते आणि इकालुइतला पोहोचताना ते १२९ अंशांवर, म्हणजे आग्नेयेकडे झालेले असते. वैमानिकाने एकदाही वळण घेतलेले नसते, विमान सरळच उडालेले असते, तरी दिशादर्शकाचा आकडा ६० अंशांहून अधिक बदललेला असतो. नव्याने रुजू झालेल्या नियोजकाला हे पहिल्यांदा दिसते तेव्हा आपली आकडेमोड चुकली असे वाटून तो ती पुन्हा करतो. मीही केली होती.

होकायंत्राची गोष्ट तर त्याहून विचित्र आहे. इनुविकला चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला झुकलेली असते आणि इकालुइतला ती पश्चिमेला झुकलेली असते. मधल्या पट्ट्यात तर चुंबकीय बल जमिनीकडे जवळजवळ उभे ओढत असल्याने साध्या होकायंत्राचा काटा विश्वासाचा राहत नाही. जेम्स क्लार्क रॉस याने १ जून १८३१ रोजी चुंबकीय उत्तर ध्रुव शोधला तो बूथिया द्वीपकल्पावर, आणि आपला हा मार्ग त्या जागेच्या दक्षिणेला ऐंशीएक किलोमीटरवरून जातो. ध्रुव तेव्हापासून सरकत सरकत सैबेरियाच्या बाजूला गेला आहे, तरी कॅनडाच्या उत्तर भागातले हवाई क्षेत्र आजही वेगळे मानले जाते आणि त्यात सर्व दिशा खऱ्या उत्तरेवरून मोजल्या जातात. धावपट्टीला तिच्या दिशेवरून क्रमांक देण्याची पद्धत जगभर आहे. केंब्रिज बे किंवा रेझोल्यूट या उत्तरेकडच्या गावांतल्या धावपट्ट्यांच्या क्रमांकापुढे मात्र टी हे अक्षर दिसते. हा आकडा खऱ्या उत्तरेचा आहे, चुंबकीय नव्हे, असा त्याचा अर्थ.

आता चार तास कुठून आले ते पाहू. अंतर सांगणारी बहुतेक गणितयंत्रे एकच सूत्र वापरतात: अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचे आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास त्यात मिळवायचा. २,८४० भागिले ८०० म्हणजे ३ तास ३३ मिनिटे, अधिक ३० मिनिटे, म्हणजे ४ तास ३ मिनिटे. सूत्र अडाणीपणाचे नाही. मुंबई-दिल्ली किंवा पुणे-बंगळूर अशा मार्गांवर ते बरे चालते, कारण तिथे सूत्राने गृहीत धरलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या असतात: मार्गावर थेट विमान आहे, ते जेट आहे आणि ते कोणत्याही दिवशी कोणत्याही दिशेने साधारण त्याच वेगाने उडते. इनुविक-इकालुइत मार्गावर या तिन्ही गृहीतकांना तडे जातात.

वेगापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक सर्वांत लहान आहे. या अक्षांशांवर वारा सरासरीने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. समजा, एखाद्या दिवशी तो ताशी ६० किलोमीटर आहे. मग पूर्वेकडे जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ८६० होतो आणि निव्वळ उड्डाण ३ तास १८ मिनिटांत उरकते. उलट जाताना वेग ७४० वर येतो आणि तेच अंतर ३ तास ५० मिनिटे घेते. एकाच मार्गावर जाण्या-येण्यात बत्तीस मिनिटांचा फरक पडतो. जाताना मिळाले ते येताना गेले, हिशेब बरोबर झाला, असे पुष्कळांना वाटते. पण तोही पुरता बरोबर होत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. वारा नसता तर दोन्ही खेपा मिळून ७ तास ६ मिनिटे लागली असती, वाऱ्यासह ती ७ तास ८ मिनिटे होतात. दोन मिनिटे किरकोळ आहेत हे खरे, पण वारा दुप्पट झाला की हा तोटा चौपट होतो.

थंडीचा परिणाम याहून कमी ओळखीचा आहे. जेट विमान ताशी अमुक किलोमीटर असा वेग धरून उडत नाही, ते ध्वनीच्या वेगाचा ठरावीक भाग धरून उडते, आणि ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. बोइंग ७३७ च्या जुन्या पिढीतले विमान ०.७४ माख, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.७४ पट, या वेगाने चालले आहे असे धरा. बाहेर उणे ४५ अंश असताना हा वेग ताशी सुमारे ८०६ किलोमीटर होतो. उणे ६० अंश असताना तोच ०.७४ माख म्हणजे ताशी ७८० किलोमीटर होतो. कॉकपिटमधला आकडा तोच राहतो आणि विमान तासाला पंचवीसेक किलोमीटर मागे पडते. साडेतीन तासांच्या उड्डाणात यामुळे पाच-सात मिनिटे जातात.

इथवरच्या सगळ्या चुका मिनिटांच्या आहेत. चार तासांचे सव्वीस तास होतात ते वाऱ्याने किंवा थंडीने होत नाहीत. या दोन गावांमध्ये थेट विमानच नाही, म्हणून ते होतात.

का नाही, हे दोन्ही गावे पाहिल्यावर लक्षात येते. इनुविक हे मॅकेंझी नदीच्या मुखाजवळचे, तीन हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. अक्लाविक या जुन्या गावाला पुराचा आणि धुपेचा धोका होता म्हणून कॅनडाच्या सरकारने १९५० च्या दशकात ते नव्याने वसवले. इकालुइत हे बॅफिन बेटावरचे, सात हजारांहून अधिक वस्तीचे शहर आहे. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याने तिथे हवाई तळ बांधला, त्याभोवती ही वस्ती वाढली आणि १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा नवा प्रदेश अस्तित्वात आला तेव्हा ती त्याची राजधानी झाली. इनुविक वेगळ्या प्रदेशात आहे. इनुविकच्या माणसाचे सरकारी काम, मोठे रुग्णालय, मोठे दुकान हे सगळे येलोनाइफला आणि त्याच्याही दक्षिणेला एडमंटनला असते. इकालुइतच्या माणसाचे ते ओटावाला असते. दोन्ही गावांची तोंडे दक्षिणेकडे आहेत, एकमेकांकडे नाहीत. आपल्याकडे गडचिरोलीच्या माणसाला सावंतवाडीशी रोजचा संबंध नसतो, तसेच हे आहे. फक्त इथे मधल्या मुलखात रस्ता नाही आणि रेल्वे नाही. इनुविकला निदान दक्षिणेकडे जाणारा डेम्पस्टर हा खडीचा महामार्ग आहे, जो १९७९ मध्ये खुला झाला. इकालुइतला बाहेरच्या कोणत्याही गावाशी जोडणारा रस्ताच नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजे येतात, बाकी वर्षभर विमान.

त्यामुळे तुमच्या मुलीपुढे प्रत्यक्षात दोन मार्ग उरतात. पहिला उत्तरेतूनच आडवा जाणारा: इनुविकहून नॉर्मन वेल्स, तिथून येलोनाइफ, तिथून हडसन उपसागराच्या काठावरचे रँकिन इनलेट आणि तिथून इकालुइत. या चार टप्प्यांची अंतरे अनुक्रमे सुमारे ४४६, ६८०, १,१४० आणि १,१८० किलोमीटर भरतात, म्हणजे एकूण ३,४५० किलोमीटरच्या जवळ. जेटने प्रत्येक टप्प्याचा ब्लॉक टाइम, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा वेळ, मिळवत गेल्यास बेरीज साडेपाच-पावणेसहा तासांची होते. टप्पा लहान असला की चढणे, उतरणे आणि जमिनीवर सरकणे यांतच वेळेचा मोठा भाग जातो. ४४६ किलोमीटरला पाऊण-एक तास लागतो तो त्यामुळे. मात्र येलोनाइफच्या पूर्वेकडचे विमान रोज नसते, आठवड्यातले काही ठरावीक दिवसच असते, आणि ते इनुविकहून येणाऱ्या विमानाची वाट पाहत थांबत नाही. म्हणून पावणेसहा तासांच्या उड्डाणात येलोनाइफची एक रात्र, कधी दोन रात्री, मिसळाव्या लागतात.

दुसरा मार्ग दक्षिणेला वळसा घालतो: इनुविक, नॉर्मन वेल्स, येलोनाइफ, एडमंटन, ओटावा, इकालुइत. ही बेरीज सुमारे ७,१०० किलोमीटर होते, म्हणजे थेट अंतराच्या अडीचपट. हवेतला वेळ अकरा तासांच्या घरात जातो आणि मधल्या थांब्यांसह तो चोवीस ते अठ्ठावीस तासांचा प्रवास होतो. तुम्हाला दिसलेले सव्वीस तास हे आहेत. अंतर दुप्पट असूनही पुष्कळदा हाच मार्ग लवकर पोहोचवतो, कारण यातली विमाने बहुतेक रोजची असतात आणि एखादे चुकले तरी दुसऱ्या दिवशी पुढचे मिळते. उत्तरेतल्या प्रवासात किलोमीटर कमी करण्यापेक्षा वाट पाहण्याचे दिवस कमी करणे जास्त मोलाचे असते, हे तिथे राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

वेळापत्रकात दिसत नाही अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या कामाचा निम्मा भाग तिच्यातच जात असे. विमानात मुक्कामाच्या गावापर्यंत पुरेल एवढे इंधन भरून भागत नाही. तिथे उतरता आले नाही तर दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे इंधन, त्यावर हवेत आणखी अर्धा तास राहता येईल एवढी अखेरची शिल्लक आणि अनपेक्षित गोष्टींसाठी थोडे जास्त, असा हिशेब असतो. मुंबईला उतरता आले नाही तर विमान अहमदाबादला किंवा गोव्याला जाते. दोन्ही चार-साडेचारशे किलोमीटरवर आहेत, शिवाय वाटेत आणखी पर्याय सापडतात. इकालुइतला मोठ्या जेटला चालेल असा सोयीचा पर्याय म्हणजे क्वेबेकच्या उत्तरेकडचे कूजुआक, आणि ते ६३० किलोमीटरवर आहे. बॅफिन बेटावर त्याहून जवळ गावे आहेत, पण त्यांच्या धावपट्ट्या आखूड आणि खडीच्या आहेत. म्हणजे इकालुइतला निघालेले प्रत्येक जेट बहुधा कधीच न होणाऱ्या पाऊण-एक तासाच्या प्रवासाचे इंधन पाठीवर वाहत असते.

एका मार्चमधली सकाळ मला अजून आठवते. येलोनाइफहून रँकिन इनलेटमार्गे इकालुइतला जाणारे विमान होते, पुढच्या अर्ध्या भागात माल आणि मागच्या अर्ध्या भागात प्रवासी बसतील अशा बांधणीचे, ज्याला आम्ही कोम्बी म्हणत असू. इकालुइतचा हवामानाचा अंदाज चांगला होता, पण वाऱ्याने उडणारा बर्फ दुपारनंतर येण्याची शक्यता त्यात लिहिलेली होती, त्यामुळे पर्यायी विमानतळ लागणारच होता. कूजुआकचा अंदाज उघडला तर तिथे धुके. पुढचा पर्याय ग्रीनलंडमधले कांगेरलुसुआक, ९०० किलोमीटरवर आणि दुसऱ्या देशात. किंवा लॅब्राडॉरमधले गूज बे, बाराशे-साडेबाराशे किलोमीटरवर. मी गूज बे धरले. कूजुआकच्या तुलनेत सहाशेच्या वर किलोमीटर जास्त, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचे इंधन, म्हणजे जवळजवळ दोन टन वजन. विमान आधीच भरलेले होते, तेव्हा एवढे वजन मालातून काढण्यावाचून इलाज नव्हता. धावपट्टीच्या कडेला उणे ३३ अंशांत दुधाची खोकी, अंड्यांचे ट्रे, लहान मुलांचे लंगोट आणि एका स्नोमोबाइलचा पट्टा खाली उतरवला जात होता आणि माल चढवणारा मुकादम खिडकीतून माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मी विसरलो नाही. या सगळ्यात विमान पन्नास मिनिटे उशिरा निघाले. इकालुइतला आकाश शेवटपर्यंत निरभ्र राहिले, विमान पहिल्याच प्रयत्नात उतरले आणि गूज बेचे इंधन टाकीत तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्या गावात दूध कमी होते. प्रवाशाच्या दृष्टीने ही केवळ पन्नास मिनिटांची दिरंगाई होती आणि तिचे कारण ज्या गावी ते विमान जाणारच नव्हते त्या गावच्या धुक्यात होते.

खास भाड्याने विमान घेऊन थेट जाता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. जाता येईल, पण तेही बहुधा थेट नसेल. त्या भागात रुग्णवाहिका म्हणून आणि लहान भाड्याच्या फेऱ्यांसाठी किंग एअर जातीची दोन इंजिनांची पंख्याची विमाने फार वापरात आहेत. त्यांचा वेग ताशी ४८०-५०० किलोमीटर असतो आणि माणसे, सामान व दूरच्या पर्यायी विमानतळाचे इंधन धरले की २,८४० किलोमीटर एका दमात होत नाहीत. त्यांनी मध्ये केंब्रिज बेला उतरून इंधन घ्यावे, हे उत्तम. नकाशावर केंब्रिज बे मार्गापासून बाजूला आहे असे वाटते, कारण बृहद्वृत्ताची रेषा त्याच्या उत्तरेला सुमारे ७५ किलोमीटरवरून जाते. पण इनुविक ते केंब्रिज बे आणि केंब्रिज बे ते इकालुइत हे दोन टप्पे मिळवले तर थेट अंतराहून फक्त चार-पाच किलोमीटर जास्त भरतात. लांब मार्गावर बाजूला थोडेसे सरकल्याने अंतर किती कमी वाढते याचा यापेक्षा चांगला दाखला माझ्याजवळ नाही. नव्या मुलांना मी हाच घालून देत असे. वाऱ्याप्रमाणे पहिला टप्पा सव्वादोन-अडीच तास, दुसरा सव्वातीन-साडेतीन तास आणि मध्ये इंधनाचा एक तास, म्हणजे एकूण सात तासांच्या आसपास. केंब्रिज बेची धावपट्टी खडीची आहे आणि तिथे प्रत्येक जेटला उतरता येत नाही. जुन्या ७३७-२०० विमानांना खडीसाठी नाकाच्या चाकामागे दगड अडवणारी फळी आणि इंजिनांपुढे हवेचा झोत सोडणाऱ्या नळ्या बसवता येत. नंतरच्या ७३७ विमानांची इंजिने जमिनीच्या इतकी जवळ आहेत की त्यांना ती सोय नाही. भाड्याचा आकडा मी इथे देत नाही, पण एका व्यक्तीच्या सामानासाठी हा विचार कोणी करत नाही.

घड्याळाचा एक घोळ मात्र तुम्ही स्वतः सोडवू शकाल. इकालुइतचे घड्याळ इनुविकच्या दोन तास पुढे असते. तिकिटावर निघण्याची वेळ इनुविकची आणि पोहोचण्याची इकालुइतची छापलेली असते, त्यामुळे दोन आकड्यांची वजाबाकी केल्यास पूर्वेकडच्या प्रवासात दोन तास जास्त दिसतात आणि परतीच्या प्रवासात दोन तास कमी. तुम्ही सव्वीस तास ही वजाबाकी करून काढले असतील तर खरा प्रवास चोवीस तासांचा आहे; तिकीट विकणाऱ्याने स्वतःच एकूण कालावधी म्हणून सव्वीस लिहिले असतील तर ते तसेच धरा. अंतराच्या आकड्यातही असाच एक बारीक घोळ असतो. काही गणितयंत्रे गावाच्या मध्यापासून मोजतात, काही विमानतळापासून. इनुविकचा विमानतळ गावापासून बारा-एक किलोमीटर दूर आहे आणि इकालुइतचा गावाला चिकटून आहे, म्हणून दोन ठिकाणी आठ-दहा किलोमीटर वेगळे आकडे दिसले तर त्यात कोणाची चूक मानू नये.

राहिला जानेवारीचा प्रश्न. इनुविक उत्तर ध्रुववृत्ताच्या वर असल्याने तिथे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. इकालुइत ध्रुववृत्ताच्या खाली असल्याने डिसेंबरअखेरही तिथे चारेक तास ऊन असते. अंधाराने विमाने थांबत नाहीत. त्यांना थांबवतात त्या इनुविककडे हिमधुके आणि कडाक्याची थंडी, इकालुइतकडे वादळी वारा आणि उडणारा बर्फ. दोन्ही गावे एकमेकांपासून इतकी लांब आहेत की एकीकडचे हवामान पाहून दुसरीकडचे सांगता येत नाही, आणि आपल्या प्रवासाला दोन्ही टोके आणि मधले प्रत्येक गाव एकाच वेळी मोकळे असावे लागते. उणे ३५ अंशांत सामान चढवणेही सावकाश होते, सामानाच्या पट्ट्याचे यंत्र कुरकुरते, माणसांना मध्ये मध्ये आत येऊन हात शेकावे लागतात. प्रत्येक थांब्यावर दहा-पंधरा मिनिटे अशी जातात आणि पाच थांब्यांचा प्रवास असेल तर ती मिळून तासावर जातात.

तेव्हा मुलीला असे सांगा की तिने ओटावामार्गे जावे, सगळे टप्पे शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत, म्हणजे एक विमान चुकले तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहील, आणि ओटावाला ठरवून एक रात्र मुक्काम करावा. सुटी तिकिटे स्वस्त दिसली तरी या मार्गावर ती घेऊ नयेत. हातातल्या पिशवीत दोन दिवसांची औषधे आणि जाड कपडे ठेवावेत, कारण मोठ्या बॅगा दुधाच्या खोक्यांसारख्याच मागे राहू शकतात. कामावर रुजू होण्याची तारीख पोहोचण्याच्या तारखेनंतर निदान तीन दिवसांनी ठरवून घ्यावी. इकालुइतमधल्या नोकरी देणाऱ्यांना हे मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. त्यांचा स्वतःचा माणूस गेल्या आठवड्यात कुठेतरी अडकलेला असतोच.